एका सल्ल्याचे रसग्रहण

नाटकावर टीका होते, पुस्तकावर होते, क्रिकेटवर तर बॅट हातात न धरलेली मंडळीच जास्त अधिकाराने करतात. हल्ली मिसळीवरसुद्धा लोक गंभीर चेहऱ्याने दोन-दोन पाने लिहितात. मात्र जो वाङ्मयप्रकार आपल्याकडे रोज, अखंड आणि विनामूल्य निर्माण होतो, त्या सल्ल्याकडे अजून एकाही समीक्षकाने ढुंकून पाहिलेले नाही. ही उणीव भरून काढण्याचा माझा मानस आहे. मी समीक्षक नव्हे, बँकेतून निवृत्त झालेला कारकून आहे. पण साठ वर्षे सल्ले ऐकल्यावर माणसाला थोडा तरी अधिकार येतोच की नाही?

त्यातून मी पडलो लोणावळ्याचा. आमच्या गावात शनिवार-रविवारी स्थानिक माणसाचा मुख्य उद्योग म्हणजे सल्ला देणे. भुशी धरणाला कुठून जायचं, चिक्कीचं मूळ दुकान कोणतं, धुकं कधी उतरणार, हे सगळे प्रश्न भाजी आणायला निघालेल्या माणसाला गाडीची काच खाली करून विचारले जातात. ही परंपरा जुनी आहे. बोरघाटातली वाट इंग्रजांना शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, अशी आख्यायिका आहे. जुन्या रस्त्यावर घाटात त्याचं देऊळ आहे, जाणारे-येणारे तिथे नाणं टाकतात. आमच्या भागातला हा पहिला सल्लागार. फी मिळाली नाही, पण देवत्व मिळालं. नंतरच्या सल्लागारांनी यातून एकच धडा घेतला : सल्ला द्यावा आणि ताबडतोब दुसऱ्या गल्लीत शिरावं.

आता मूळ विषय. माझा गुडघा दुखू लागला. डॉक्टर म्हणाले, “चालणं कमी करा, सायकल चालवा.” आणि माझी नजर आमच्या मागच्या पडवीकडे गेली. तिथे वडिलांची सायकल उभी होती. काळी, चोवीस इंची फ्रेमची, अठ्ठावीस इंची चाकांची, मागे कॅरिअर आणि पुढे एक भलीमोठी घंटा. वडील रेल्वेत होते, उंचीने पाच फूट दहा इंच. मी पाच फूट चार. लहानपणी मी ही सायकल नळीखालून पाय घालून, हाफ पायडल मारत शिकलो. पुढे फुल पायडल आलं, पण सीटवर बसलो की पायडल खाली गेल्यावर माझा पाय हवेतच. ते पायडल फिरून वर येईपर्यंत वाट पाहायची, अशी आमची सायकल चालायची. वडील गेले, सायकल राहिली आणि तिच्याबरोबर घरातली एक दंतकथा राहिली : वडील खोपोलीहून घाट चढून लोणावळ्याला यायचे, वाटेत एकदाही न उतरता. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत घाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. आमच्या घरात तो किताब शर्यतीवाचूनच देऊन टाकलेला होता. जेवणात मी भाजी टाकली की आई म्हणायची, “असलं खाऊन घाट चढवेल का?”

तेव्हा मी ठरवलं की याच सायकलने निदान एकदा घाट चढायचा. आणि हे मी मोठ्याने बोललो. चूक तीच झाली.

पहिला सल्ला आला मेहुण्याकडून. मेहुण्याचे सल्ले हा नाट्यछटेचा प्रकार. एकच पात्र, समोरच्याने बोलायचंच नाही. “दादा, या वयात घाट? आपल्या गावात १९२४ सालापासून कैवल्यधाम आहे. जग इथे योग शिकायला येतं आणि तुम्ही सायकल कसली काढताय?” सल्ल्यात तथ्य होतं, पण तो माझ्या प्रश्नाचा नव्हता. सल्ल्याच्या समीक्षेत या दोषाला विषयांतर म्हणावं.

दुसरे सल्लागार शेजारचे, आयएनएस शिवाजीमधून निवृत्त झालेले इंजिनिअर. यांचा सल्ला शास्त्रीय प्रबंधाच्या अंगाने जाणारा. त्यांनी कागद काढला आणि सांगितलं की, पायाची आतली लांबी मोजा, तिला ०.८८३ ने गुणा, तेवढी सीटची उंची मधल्या बेअरिंगपासून ठेवा. हे सूत्र ग्रेग लेमाँड नावाच्या अमेरिकन सायकलपटूच्या नावाने ओळखलं जातं. ‘टूर द फ्रान्स’ तीनदा जिंकलेला माणूस, तेव्हा सूत्राबद्दल बोलायची माझी प्राज्ञा नाही. पण दशांशचिन्हानंतर तीन आकडे आले की मला बँकेतला वर्षअखेरीचा मार्च आठवतो आणि गुडघा जास्तच दुखतो.

तिसरा सल्ला दुकानदाराचा. हा सरळ सरळ जाहिरात-वाङ्मयात मोडतो. मी गुडघ्याबद्दल विचारलं, त्याने कार्बनबद्दल सांगितलं. किंमत ऐकून मला गुडघ्याचा विसर पडला, एवढा गुण मात्र त्याच्या पदरात टाकला पाहिजे.

मग कुणीतरी म्हणालं, पुण्यात एक माणूस आहे, तो मापाप्रमाणे सायकलची फ्रेम बांधून देतो. मला हे ऐकूनच गंमत वाटली. पूर्वी शर्टाचं माप द्यायला आपण शिंप्याकडे जात होतो, आता तिथेही आपण एम, एल आणि एक्सएलमध्ये विभागले गेलो आहोत. अशा काळात सायकलला शिंपी! पण मला नवी फ्रेम नकोच होती. माझा बेत वेगळा होता. पँट आखूड करतात तशी वडिलांची फ्रेम कापून माझ्या मापाची करून घ्यायची. घरात भिंतीवर वडिलांचा फोटो आहे, त्याची फ्रेम मी एकदा कापून लहान करून घेतली होती. तीही फ्रेम, हीही फ्रेम.

१९७८ साली सुरू झालेल्या आमच्या पुणे-लोणावळा लोकलच्या लगेजच्या डब्यात वडिलांची सायकल चढवली. डब्यातल्या प्रत्येकाने सायकल कशी उभी करावी यावर सल्ला दिला. मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव अशी सल्ल्यांची आवृत्ती बदलत गेली. त्यांचं स्वतंत्र परीक्षण मी पुढेमागे करीन.

त्या गृहस्थांची जागा म्हणजे एक पत्र्याची शेड. भिंतीला पोलादी नळ्या उसाच्या मोळीसारख्या टेकवलेल्या, एका कोपऱ्यात बांबू (हो, बांबूच्या फ्रेमच्या सायकलीही पुण्यात बनल्या आहेत), मध्ये लोखंडी साचा आणि त्यावर अर्धवट जोडलेली एक फ्रेम. एका चुलीसारख्या ज्योतीवर ते जोडात पितळ वितळवून सोडत होते. पोलाद वितळत नाही, पितळ वितळतं आणि फटीत आपोआप ओढलं जातं. तापमान कमी पडलं तर जोड कच्चा, जास्त झालं तर नळी जळते. मी दहा मिनिटं उभा होतो. त्यांनी मला सल्ला दिला नाही, साधं ‘या बसा’देखील म्हटलं नाही. जोड झाल्यावर म्हणाले, “हं, बोला.”

मी बोललो. गुडघा, वडील, घाट, कापून लहान करणे, सगळं. मला वाटलं, आता प्रवचन सुरू होईल. तर गृहस्थ प्रश्नच विचारू लागले.

“गुडघा पुढून दुखतो की मागून?”

मी चाचपून पाहिलं. “मागून.”

“दुखायला आधी सुरुवात झाली की सायकल आधी काढली?”

“दुखणं आधी. पण सायकलवर आठ दिवस बसल्यावर वाढलं. आणि जागाही बदलली. आधी पुढून होतं.”

“रोज किती चालवता? सिग्नलला पाय कुठे टेकवता? मान फिरवून मागे बघता येतं का? वाकून बुटाचे बंद बांधता की पाय स्टुलावर घेता?”

पाऊण तास उलटतपासणी चालली. माझ्या लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनीही इतकी चौकशी केली नव्हती. मग त्यांनी मला बूट काढून भिंतीला पाठ लावून उभं केलं, एक जाडजूड जुनी टेलिफोन डिरेक्टरी दोन्ही पायांमध्ये धरायला सांगून वर दाबली आणि भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. छापील मजकुराशी माझा एवढा निकटचा संबंध यापूर्वी आला नव्हता. रेघ जमिनीपासून ७६ सेंटिमीटरवर आली. मग त्यांनी वडिलांच्या सायकलच्या नळीची उंची मोजली. ८५.

“तुम्ही या सायकलवर बसत नाही,” ते म्हणाले, “तुम्ही हिच्यावर चढता. सीट अगदी खाली केली तरी तुम्हाला उंचच. म्हणून प्रत्येक पायडलला पाय ताणला जातो. सीट उंच असली की गुडघ्याला मागून ताण बसतो, खाली असली की पुढून. बरेचदा एवढंच असतं.”

“म्हणून तर कापायची!”

“कापता येत नाही असं नाही. सीटची नळी नऊ सेंटिमीटर कमी केली की वरची नळी खाली येणार. मग पुढची हँडलची नळीही कमी करायची. मागचे दोन्ही चिमटे नव्या कोनात बसवायचे. म्हणजे जवळजवळ सगळे जोड तापवून उघडायचे. इतक्या जुन्या नळीला आतून किती गंज आहे तो उघडल्यावर कळणार. खर्च नव्या फ्रेमपेक्षा जास्त.” मग थांबून म्हणाले, “आणि मुख्य म्हणजे, कापली की ती वडिलांची राहणार नाही. आणि तुमचीही होणार नाही.”

मी गप्प झालो. बँकेत छत्तीस वर्षे काढली, पण इतका नेमका नकार मी एकाही कर्जदाराला देऊ शकलो नव्हतो.

“बरं,” मी म्हटलं, “मग नवी बांधा. हलकी बांधा, म्हणजे घाटात त्रास नको.”

“तुमचं वजन?”

“अठ्ठ्याहत्तर.” (खरं तर ऐंशी. पण मापं घेणाऱ्यापुढेच माणूस खोटं बोलतो.)

“सायकल बारा किलो धरू. एकूण नव्वद. मी फार पैसे घेऊन ती दोन किलोने हलकी केली, तर नव्वदाचे अठ्ठ्याऐंशी झाले. घाटाला तुम्हाला दीड तास लागत असेल तर दोन मिनिटं वाचतील. त्या दोन मिनिटांचं काय करणार आहात?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे निवृत्तीनंतरची अख्खी मिनिटं पडून आहेत.

“असं करा. सहा महिने कुणाची तरी जुनी, गिअरवाली, तुमच्या मापाची सायकल चालवा. सहा महिन्यांनीही चालवत असलात तर या, तेव्हा बोलू. सल्ल्याचे पाचशे रुपये. फ्रेम केलीत तर त्यातून वजा करीन.”

“आणि वडिलांच्या सायकलचं काय करू?”

“तेल घाला. हवा भरा. आठवड्यातून एकदा हातात धरून बाजारातून फिरवून आणा.”

इथे सल्ला संपतो. आता परीक्षण.

प्रथम गुण. या सल्ल्यात विशेषणं नाहीत. ‘उत्तम’, ‘जबरदस्त’, ‘परदेशात सगळे हेच वापरतात’ यांतलं काही नाही. दुसरा गुण, सल्ला देण्याआधी सल्लागाराने मला मोजलं. बाकीचे सगळे स्वतःला मोजून मला सांगत होते. तिसरा गुण असा की, हा सल्ला देणाऱ्याच्या खिशाविरुद्ध जातो. गिऱ्हाईक पैसे घेऊन दारात उभं असताना ‘सहा महिन्यांनी या’ म्हणणं हे मी आयुष्यात फक्त सरकारी कचेरीत ऐकलं होतं, आणि तिथे कारण वेगळं असतं. चौथी गोष्ट पाचशे रुपयांची. आधी मला तो दोष वाटला. पण फुकटचे सल्ले मी कधी पाळले नाहीत आणि हा पाळला, याचं कारण निव्वळ ते पाचशे रुपये. ते वसूल व्हायला हवे होते.

सूत्राचं काय, असं मी त्यांना निघताना विचारलं होतं. शेजाऱ्यांचा कागद खिशात होताच. ७६ गुणिले ०.८८३, म्हणजे ६७.१. ते म्हणाले, सूत्र वाईट नाही, सूत्र म्हणजे पहिला अंदाज. त्यानंतर पाच-पाच मिलिमीटरने सीट हलवायची आणि गुडघ्याला विचारायचं. यात तथ्य आहे. एडी मर्क्सने १९७२ साली मेक्सिको शहरात तासाभरात ४९.४३१ किलोमीटर काटून विक्रम केला, तो एर्नेस्तो कोलनागोने बांधलेल्या सायकलवर. इतका मोठा सायकलपटू आणि इतका नामांकित कारागीर, तरी मर्क्स हा सीटची उंची सतत बदलत राहण्याबद्दल प्रसिद्ध होता. आणखी एक जुना नियम आहे, की पायडल पुढे असताना गुडघ्यावरून ओळंबा सोडला तर तो पायडलच्या मधोमध पडावा. त्या नियमाला शास्त्रीय आधार नाही असा लेख लिहिणारा कीथ बाँट्रेगर स्वतः फ्रेम बांधणारा होता. म्हणजे या धंद्यातले जाणकार लोक सूत्रावर सगळ्यात कमी विश्वास ठेवतात. टीकाकारांनी हे लक्षात घेण्यासारखं आहे. आम्ही टीकाकार ओळंबा लेखकाच्या गुडघ्यावरूनच सोडतो.

आता दोष. हा सल्ला कोरडा होता. घरी येताना लोकलमध्ये मी मनातल्या मनात भांडत होतो. वडिलांची सायकल म्हणजे काय कुत्रं आहे, बाजारातून फिरवून आणायला? हे शेवटचं वाक्य मला सबंध रचनेतलं सर्वांत दुबळं, अनावश्यक आणि उगाच भावनेला हात घालणारं वाटलं. अशी वाक्यं नवोदित लेखक शेवटी घालतात.

पण पाचशे रुपये दिले होते. तेव्हा भाचीची जुनी गिअरची सायकल आणली, सीट ६७ वर लावली. वडिलांच्या सायकलला पुढे ४४ दात आणि मागे १८, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे जवळजवळ अडीच फेरे. सपाटीला उत्तम, चढावर छाती फुटायची. भाचीच्या सायकलला पुढे २८, मागे २८. एकास एक. घाटात हा फरक दोन किलोंपेक्षा कितीतरी मोठा, हे तिसऱ्याच दिवशी वलवणच्या बाजूला फिरताना कळलं. गुडघा महिन्याभरात गप्प झाला. मेहुणाही.

आणि दर रविवारी सकाळी मी वडिलांची सायकल हातात धरून बाजारातून नेऊ लागलो. सुरुवातीला लोक विचारायचे, “पंक्चर का?” मग हळूहळू दुसरं बोलू लागले. एक म्हातारी भाजीवाली म्हणाली, “ही घंटा वळखते मी.” एकाने सांगितलं, या कॅरिअरवर बसून तो पहिल्यांदा शाळेत गेला होता. मला हे काहीच ठाऊक नव्हतं. घरी वडील फारसे बोलत नसत. ते सगळं बोलून बसले होते बाजारात, आणि ते ऐकायला सायकल घेऊन पायी जावं लागत होतं. सायकलवर बसलेल्या माणसाला कुणी काही सांगत नाही.

आणि एका रविवारी वडिलांच्या बरोबर रेल्वेत काम केलेले, नव्वदीला टेकलेले काका भेटले. सायकलवरून हात फिरवत म्हणाले, “तुझा बाप काय घाट चढायचा रे!”

माझी छाती फुगली. “न उतरता ना, काका?”

“न उतरता! ट्रकच्या मागची साखळी धरून!”

मी सायकल सोडायचाच बाकी राहिलो. घाटाचा राजा! भाजी टाकल्याबद्दल मी आयुष्यभर ज्याच्या नावाने बोलणी खाल्ली, तो राजा ट्रकला लोंबकळत येत होता!

काकांनी माझा चेहरा पाहिला असावा. म्हणाले, “अरे, तोंड काय पाडतोस? कर्जतला आगगाडीला मागून बँकर इंजिनं लावतात, तेव्हा गाडी घाट चढते. एवढ्या मोठ्या गाडीला मागून ढकलायला कुणी लागतं, तर माणसाला नको?”

सहा महिने झाल्यावर एका पहाटे मी भाचीच्या सायकलने खोपोलीहून घाट चढलो. पाचशे मीटरच्या वर चढ. तीनदा उतरलो. एकदा शिंगरोबाच्या देवळाशी, नाणं टाकायला, आणि दोनदा निव्वळ दम लागला म्हणून. एक ट्रक अगदी हळू, अगदी जवळून गेला. त्याची साखळी लोंबत होती. मी तिच्याकडे पाहिलं, साखळीने माझ्याकडे पाहिलं. मी हात लावला नाही. पण वडिलांचा राग गेला. त्या गिअरमध्ये, चोवीस इंची सायकलवर, ड्यूटी संपवून येणाऱ्या माणसाने आणखी काय धरायचं होतं?

मग मी पुन्हा त्या शेडमध्ये गेलो. गृहस्थांनी पुन्हा मोजलं. वजन बहात्तर झालं होतं, यावेळी खरं. पुढे वाकून हात पूर्वीपेक्षा बरेच खाली पोचत होते. ते म्हणाले, “सहा महिन्यांपूर्वी बांधली असती तर हँडल आज चुकीच्या जागी असतं. माणसाचं माप बदलत असतं.” एवढंच. ‘मी म्हटलं नव्हतं?’ हे वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. सल्ला-वाङ्मयाच्या इतिहासात हा संयम मला तरी दुसरीकडे आढळलेला नाही.

तेव्हा ते शेवटचं वाक्य दुबळं आहे, हे माझं मत मी जाहीरपणे मागे घेत आहे. बाकीच्या सल्लागारांत आणि त्या गृहस्थांत फरक काय, याचाही उलगडा मला काकांच्या बोलण्यातून झाला. बाकीचे पुढे लागून ओढत होते. हा माणूस मागून लागला. कर्जतला लावलेली ती बँकर इंजिनं लोणावळ्याला सुटतात, आमच्या डोळ्यांदेखत. पुण्यापर्यंत बरोबर येऊन ‘आम्हीच आणलं’ असं ती सांगत बसत नाहीत. मी छत्तीस वर्षे बँकेत होतो, पण या अर्थाने बँकर कधी झालो नाही, याची थोडी खंत वाटते.

एकंदर सल्ला निर्दोष, आचरणीय आणि पाचशे रुपयांना स्वस्त. नवी फ्रेम सांगितली आहे. रंग काळा. घंटा मात्र जुन्या सायकलची काढून तिला लावावी की लावू नये, याबद्दल मनाचा निश्चय होत नाही.

कृपया कुणी सल्ला देऊ नये.